हसू कोणाच्या खर्चाने?

प्रश्न असा आहे. एका तालुक्याच्या गावातल्या महिला मंडळाने 'लापता लेडीज' दाखवला. बायका पोट धरून हसल्या, काहींचे डोळे भरून आले, सोबत आलेले नवरेही हसले. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. मग असल्या व्यंगपटांनी बाईविषयीचे आणि पुरुषाविषयीचे ठरीव समज खरंच हलतात का? हलत असतील तर नेमके कशाने? आणि मंडळातल्या चौघीजणी आता मोबाइलवर दहा मिनिटांची स्वतःची फिल्म करायला निघाल्या आहेत, त्यांनी काय सांभाळावं?

मी बरीच वर्षं मराठी-हिंदी मालिका, स्किट आणि वेब मालिकांसाठी विनोदी लिहिलं. हल्ली जास्त करून दुसऱ्यांच्या संहिता दुरुस्त करून देते. त्यामुळे उत्तर लिहिण्याच्या टेबलावरून देते आहे.

दुसऱ्या दिवशी काय बदललं हा हिशेब आधी सोडून द्या. पडद्याचं काम इतकं रोख चालत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 या काळात आपल्याकडच्या पाच राज्यांत, गोवाही त्यात होतं, एक पाहणी केली होती. ज्या गावांत त्या काळात नव्याने केबल टीव्ही आला, तिथल्या बायकांमध्ये 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह थोडा सैल झाला आणि घरातल्या निर्णयांत त्यांचं बोलणं वाढलं. आणि तेव्हा टीव्हीवर चालू काय होतं? झोपतानाही दागिने न काढणाऱ्या सासवा-सुनांच्या मालिका! त्या काही पुरोगामी नव्हत्या. पण बाई घराबाहेर पडते, स्वतःच्या पर्समधून पैसे काढते, तोंड वर करून बोलते, एवढं रोज दिसत राहिलं.

मालिका दुसऱ्या कुणाचं तरी जगणं दाखवते. व्यंग तुमचंच जगणं तुमच्यासमोर ठेवतं आणि विचारतं, हे तुम्हाला आजवर विचित्र कसं वाटलं नाही? सोडून द्यायची गोष्ट कळायच्या आधी ती गोष्ट दिसावी लागते, आणि रोजची गोष्ट दिसणं सगळ्यात अवघड. तुमच्या मंडळात हसू आलं याचा अर्थ ती काही क्षण तरी दिसली.

आता ती दिसते कशी. यासाठी लांब जायला नको, भोंडल्याची गाणी आठवा. 'कारल्याचा वेल' सगळ्यांना पाठ असतं. सुनेला माहेरी जायचंय. सासू नाही म्हणत नाही. ती म्हणते, कारल्याचा वेल लाव, मग जा. वेल लावला. आता त्याला फूल येऊ दे, मग जा. फूल आलं. आता कारलं लागू दे. लागलं, तर त्याची भाजी कर. केली, तर खा. खाल्ली, तर आपलं उष्टं काढ. सून प्रत्येक अट पाळते आणि प्रत्येक अटीतून पुढची अट उगवते. गाण्यात कुणी रागावत नाही, कुणी भाषण करत नाही, सासूला एक वाईट शब्द नाही. आणि तरी शेवटापर्यंत येताना फेर धरलेल्या पोरींना कळून चुकतं की या घरात परवानगी नुसती मागून मिळत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हे रचलं तेव्हा त्याला कुणी सटायर म्हणत नव्हतं. रचना मात्र चोख आहे. नियमाला विरोध करायचा नाही. तो अगदी शेवटच्या टोकापर्यंत पाळून दाखवायचा.

माझ्या मते पितृसत्तेवरचं पडद्यावरचं सगळं चांगलं व्यंग याच एका युक्तीवर चालतं. बाकी बरंचसं नुसता आवाज असतो.

'लापता लेडीज' घ्या. किरण राव यांचा, बिप्लब गोस्वामी यांच्या कथेवरचा, 1 मार्च 2024 ला प्रदर्शित झालेला सिनेमा. काळ 2001, राज्य 'निर्मल प्रदेश' नावाचं काल्पनिक. सगळा गोंधळ कशामुळे होतो? कुणी नियम मोडला म्हणून? उलट, सगळ्यांनी नियम पाळला म्हणून. लग्नसराईतली गच्च रेल्वे, एकसारख्या लाल पदरांत हनुवटीपर्यंत झाकलेल्या नवऱ्या, आणि नवरदेव दीपक घाईघाईत भलतीलाच हात धरून उतरवतो. नवरी हरवल्याची तक्रार द्यायला तो चौकीत जातो, तर फोटोत तिच्या तोंडावर घुंघट. पोलिस फोटो बघत राहतो आणि थिएटर फुटतं. त्या हशात घुंघटाविरुद्ध एक वाक्यही बोललं गेलेलं नसतं. ज्या पदराने बाईची अब्रू राखायची, त्या पदराने बाईच हरवली. संपलं.

फूलचं, म्हणजे दीपकच्या खऱ्या नवरीचं, त्याहून बारीक. ती अनोळखी स्टेशनवर एकटी उरते. नवऱ्याचं नाव विचारलं तर ते तिला घेता येत नाही, कारण चांगल्या घरच्या बाईने घ्यायचं नसतं. गावाचं नाव विचारलं तर कुठल्याशा फुलाचं आहे एवढंच आठवतं. चांगली सून होण्यासाठी जे जे शिकवलं ते सगळं तिला येतं, घरी कसं पोचायचं ते तेवढं येत नाही. मराठी प्रेक्षकाला हे पटकन पोचतं, कारण नाव न घेण्याच्या रिवाजातूनच आपल्याकडे उखाणा आला. आपण त्या बंदीचा खेळ केला, यमक जुळवलं, वर हळदीकुंकवाला आग्रह करकरून घ्यायला लावलं. तो गोड आहे, मलाही आवडतो. पण फूलला त्या स्टेशनवर पाहिल्यापासून उखाण्यामागची बंदी मला आधी दिसते, यमक नंतर.

आणखी एक प्रसंग जवळून बघा, कारण तुमच्या चौघींना लिहिताना तोच सगळ्यात उपयोगी पडेल. जया, म्हणजे चुकून घरात आलेली ती दुसरी नवरी, कमलकाकडीच्या भाजीचं कौतुक करते. दीपकच्या आईला काय बोलावं ते सुचत नाही, कारण जेवणाचं कौतुक कुणी केलेलंच नाही. पुढे निघतं की घरातल्या पुरुषांना आवडत नाही म्हणून ती भाजी होतच नव्हती. बायकांच्या आवडीचं आता घरात शिजणार की काय, अशा अर्थाचं वाक्य तिथे येतं. ते वाक्य घरातली बाईच म्हणते, आणि विनोद म्हणून म्हणते. इथे खलनायक नाही. कुणी तिला बंदी केली नव्हती. स्वयंपाकघर तिच्या हातात, चमचा तिच्या हातात, आणि स्वतःला काय आवडतं ते तिला विसरायला झालंय. असं वाक्य सापडलं की लेखकाने तिथे थांबावं. त्यावर पार्श्वसंगीत घालू नये, दुसऱ्या पात्राकडून त्याचा अर्थ सांगून घेऊ नये. मी असते तर दिग्दर्शकाच्या पाया पडून सांगितलं असतं की इथे सतार वाजवू नका.

हा सिनेमा 9 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयातही दाखवला गेला, लिंगभाव-संवेदनशीलतेच्या कार्यक्रमात, न्यायमूर्तींच्या उपस्थितीत. तुमचं मंडळ एकटं नाही, एवढंच.

आता खर्चाचा मुद्दा. प्रत्येक हशाची किंमत कुणीतरी देत असतं. विनोद लिहून झाला की मी एकच बघते, या हशात मान कोणाची खाली गेली? ज्याला त्या नियमाचा फायदा होतो त्याची, की जिला तो नियम भोगावा लागतो तिची?

या कसोटीला आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय विनोद सपशेल नापास होतो. बायकोला घाबरणारा नवरा. व्हॉट्सअॅपवर सकाळी सातला येतो, हास्यकविसंमेलनात येतो, लग्नाच्या रिसेप्शनला सूत्रसंचालक हटकून सांगतो, स्किटमध्ये तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. घरात बायकोचंच राज्य, नवरा बिचारा पिचलेला. वरवर पाहता यात पुरुषाची थट्टा आहे. प्रत्यक्षात तो विनोद सांगतो की सत्ता तर बाईकडेच आहे, मग तक्रार कसली? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाचा हिशेब आहे. दिवसभरात अशा कामाला हात लावणाऱ्या बायका 81 टक्के, पुरुष 26 टक्के. जे करतात त्यांच्यातही बाई रोज सरासरी 299 मिनिटं, पुरुष 97. राज्य करणारी व्यक्ती रोज पाच तास भांडी-धुणं-स्वयंपाक करते असं राज्य जगात दुसरीकडे असेल तर मला बघायला आवडेल. हे 299 आणि 97 घेऊन कुणी स्किट लिहिलं तर ते व्यंग होईल. 'बायको आली, पळा' हे व्यंग नव्हे, साच्याला केलेलं तेलपाणी आहे.

साडीतल्या पुरुषाबद्दलही विचारतात लोक. पुरुषाने साडी नेसली की लिंगभावाला धक्का बसतो असा एक समज आहे. बसत नाही. निदान आपोआप नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी करणारे नट होतेच, आणि बालगंधर्वांची साडी, चालणं, दागिने घालायची ढब त्या काळच्या बायका उचलत. तिथे साडीतला पुरुष हा विनोद नव्हता. तमाशातली मावशी पुरुषच करतो, आणि ती कृष्णालाही चार शब्द ऐकवते, तिथे पदराआडून तिखट बोलायची मुभा मिळते. 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'त भाड्याच्या खोलीसाठी दोघांना बायकांचं सोंग घ्यावं लागतं. तो सिनेमा मलाही तोंडपाठ आहे आणि त्यात हसू परिस्थितीचं आहे, सोंग सांभाळताना उडणाऱ्या तारांबळीचं. पण त्यानंतर टीव्हीच्या स्किटमध्ये जे उरलं ते फक्त जाड्या पुरुषाने साडी नेसून कंबर हलवणं. तिथे हसायचं कशाला, तर बाईसारखं असण्याला. म्हणजे किंमत पुन्हा तिच्याच खात्यावर, आणि जोडीला ज्यांचं चालणं-बोलणं पुरुषी ठरत नाही त्या पोरांच्याही.

खर्च असा गुपचूप भलतीकडे वळतो याचं आणखी एक उदाहरण, जे आम्हा शहरी लेखिकांना टोचतं. बाईच्या मुक्तीवरची खुसखुशीत वेब मालिका असते. नायिका नोकरी करते, वाईन पिते, आईला सडेतोड उत्तरं देते. आणि घरात येणारी कामवाली? ती मालवणी किंवा वऱ्हाडी हेल काढून बोलते, इंग्रजी शब्द चुकवते, चोंबडेपणा करते. सगळे हशे तिच्यावर. नायिकेची 299 मिनिटं जी उपसते, तीच विनोदाचं गिऱ्हाईक. अशी संहिता माझ्याकडे आली की मी पहिल्यांदा त्या बाईला एक चांगला विनोद देते, तिने केलेला, तिच्यावर केलेला नव्हे. 'लापता लेडीज'मधली छाया कदम यांची मंजू माई लोकांना का आवडली याचं उत्तर इथे आहे. फलाटावर चहा विकणारी बाई, कुणाची कीव नको, कुणाची सून नको, आणि अख्ख्या सिनेमात सगळ्यात धारदार बोलणं तिचं. बाईला सद्गुण देण्यापेक्षा बुद्धीचा वात्रटपणा द्या. सद्गुणी बाई साच्यात आधीपासून बसलेलीच आहे.

दुसरी एक वाट आहे, सत्तेचीच भाषा सत्तेच्याच सुरात बोलायची. सप्टेंबर 2013 मध्ये 'इट्स युअर फॉल्ट' नावाचा इंग्रजी व्हिडिओ यूट्यूबवर आला, एआयबी या विनोदी गटाचा. 16 डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेते, बाबा आणि पोलिस अधिकारी जी विधानं करत सुटले होते, मुलींनी काय घालावं, किती वाजता घरी यावं, हल्लेखोराला भाऊ म्हणावं, ती सगळी कल्की केकलां आणि जुही पांडे हसऱ्या चेहऱ्याने, आरोग्य खात्याची माहिती सांगावी तशी सांगतात. चूक तुझीच. एक एक उपाय करत जातात आणि चेहऱ्यावर वळ वाढत जातात, हसू मात्र तसंच. लेखकांना यात फारसं रचावं लागलं नव्हतं. जे बोललं गेलं होतं तेच ओळीने मांडलं, फक्त तोंड बदललं. अर्थात विनोद बरोबर जमला म्हणून विनोदवाल्यांचं घर स्वच्छ असतंच असं नाही. 2018 मध्ये मीटूची लाट आली तेव्हा याच गटाशी जोडलेल्यांवर प्रश्न आले आणि गटाचं काम थांबलं. लिहिण्याच्या खोलीत बायका किती, आणि त्यांचं 'हे नको' ऐकलं जातं का, हे पडद्यावरच्या विनोदाइतकंच महत्त्वाचं.

सत्तेची भाषा ही लेखकाला फुकट मिळालेली खाण आहे. 2017 मध्ये सेन्सॉर बोर्डाने 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला प्रमाणपत्र नाकारताना पत्रात लिहिलं की कथा 'लेडी ओरिएंटेड' आहे. बायकांविषयी आहे, म्हणून नको! कुठल्याही लेखकाने हे वाक्य पात्राच्या तोंडी घातलं असतं तर मी अतिरेक म्हणून खोडलं असतं. सिनेमा अपिलात गेला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'ए' प्रमाणपत्रासह लागला. ते अपिलाचं न्यायाधिकरण 2021 मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. हा तपशील विनोदी नाही, पण असल्या सिनेमांना पैसे लावणाऱ्याच्या डोक्यात तो असतो.

आणखी एक दस्तऐवज नव्या लेखकांना मी वाचायला लावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न असतो, नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य? सात कारणं वाचून दाखवतात. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आहे, सासरच्यांचा मान ठेवला नाही. 2019-21 च्या फेरीत देशभरात 45 टक्के बायका आणि 44 टक्के पुरुष यातल्या किमान एका कारणाला हो म्हणाले. बायकांचा आकडा पुरुषांहून एक टक्का जास्तच. साचे पुरुषांच्या डोक्यात आणि बायका त्यांच्या बळी, अशी सरळ विभागणी करून लिहायला बसलं की कागदी पुतळे तयार होतात ते यामुळे.

थपडेचा विषय निघालाच आहे तर 2022 चा विपिन दास यांचा मल्याळी सिनेमा 'जया जया जया जया हे' जमला तर बघा. कोंबड्यांचा व्यवसाय करणारा नवरा, त्याला रोज इडिअप्पमच, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयाच, लागतात, आणि राग आला की हात उचलतो. मारायचं, मग माफी मागायची, मग बाहेर नेऊन लाड करायचे, हे चक्र इतक्या वेळा फिरतं की प्रेक्षक पुढची पायरी आधीच ओळखू लागतो. ओळखता येणं हीच तिथली थट्टा. मग जया यूट्यूबवर बघून गुपचूप लाथा मारायला शिकते. आणि ती पहिल्यांदा उलट मारते तेव्हा दिग्दर्शक घरातली मारामारी एखाद्या सामन्यासारखी चित्रित करतो. आजवर पडद्यावर नवऱ्याने मारलं की सनई थांबायची, पाऊस पडायचा, बाई खांबाला टेकून रडायची. त्या सगळ्या सजावटीने मार खाणं जणू पवित्र केलं होतं. इथे ती सजावटच काढून घेतली. मला त्या सिनेमात लाथेपेक्षा लाथेनंतरचा भाग आवडतो. नवऱ्याला ते कुणाला सांगणं जड जातं, कारण मार खाल्ला हे सांगायला पुरुषाकडे शब्दच दिलेले नाहीत. पुरुषपणाचा साचा पुरुषालाच कसा कोंडतो ते तिथे हसता हसता दिसतं.

आता धोक्याचं. अमेरिकेत 1971 ते 1979 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका चालली. आर्ची बंकर हा तिचा नायक काळ्यांबद्दल, परक्यांबद्दल, बायकांबद्दल वाट्टेल ते बोलायचा, बायकोला गप्प करायचा. हेतू त्याला हास्यास्पद ठरवण्याचा. 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षक तपासले, तर ज्यांचे पूर्वग्रह मुळात घट्ट होते त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता, वादात तोच जिंकतो असं दिसत होतं. एकच मालिका, दोन प्रेक्षक, दोन वेगळ्या मालिका. माझ्या क्षेत्रात हे रोज घडतं. उद्धट, बायकांना तुच्छ लेखणारं पात्र थट्टेसाठी लिहावं, आणि तीन आठवड्यांनी त्याचीच वाक्यं पोरांच्या स्टेटसवर दिसावीत. कारण लेखकाने त्याला सगळ्यात चांगली वाक्यं दिलेली असतात. ज्याची थट्टा करायची त्याच्या तोंडी टाळीचं वाक्य देऊ नका. त्याला लांबलचक, स्वतःच्याच मुद्द्यात अडखळणारं बोलू द्या. आणि तो बोलत असताना कॅमेरा ऐकणाऱ्या बाईवर असू द्या. हशा कोणाच्या बाजूने फुटणार हे निम्म्याहून अधिक वेळा संकलनाच्या टेबलावर ठरतं.

उलटापालट हा सगळ्यांना आधी सुचणारा प्रकार, म्हणून त्यावर थोडं. बायकांच्या जागी पुरुष, पुरुषांच्या जागी बायका. जुना आहे. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून बायकांवर लादलेला एकेक दोष पुरुषांच्या पारड्यात टाकून पाहिला, तेही असंच. 1966 च्या 'मराती मुदीर आम' या इजिप्तच्या चित्रपटात बायको नवऱ्याच्याच कंपनीत त्याची साहेब म्हणून येते. नवरा तत्त्वतः आधुनिक, पण सहकाऱ्यांच्या कुजबुजीने खचत जातो. 2010 मध्ये एलेओनोर पुरिया यांनी केलेल्या फ्रेंच लघुपटात एक बाप मुलाला पाळणाघरात सोडून सायकलवर निघतो आणि दिवसभर बायका त्याला जे करतात ते बाईच्या वाट्याला रोज येतं. तो लघुपट 2014 मध्ये इंटरनेटवर जगभर फिरला. तो चालतो, कारण त्यातला पुरुष बायकी केलेला नाही. तो साधा पुरुष आहे आणि भीती तेवढी खरी आहे.

हा फरक एका संहितेवरून सांगते. एका नव्या लेखकाने 'मुलगा बघण्याचा कार्यक्रम' लिहून आणला. मुलगा लाजत पोह्यांचा ट्रे घेऊन येतो, पदरासारखा टॉवेल सावरतो, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतो. मुलगी पाय फाकवून बसलेली, नसलेल्या मिशांवर ताव देते. वाचताना खोलीत हशा झाला. पण हशा कशाला होता? लाजण्याला, पोह्यांना, पदराला. म्हणजे बाईच्याच वागण्याला.

आम्ही मुलाचं सगळं लाजणं काढून टाकलं. मुलगा नेहमीसारखा, इस्त्रीचा शर्ट, चांगली नोकरी, हस्तांदोलन करत आत येतो. समोरची मंडळी अतिशय सभ्य. आवाज कुणाचाच चढत नाही. प्रश्न फक्त तेच ठेवले. 'लग्नानंतर नोकरी करणार का? म्हणजे आमची काही हरकत नाही, घर सांभाळून करावी.' 'जरा चालून दाखवशील? नाही, सहज.' 'फोटोत उजळ दिसत होता.' मुलगा पहिल्या प्रश्नाला हसतो, दुसऱ्याला आईकडे बघतो. आई सांगते, 'तो सगळं करतो हो, वळण आहे त्याला.' वडील फरशीकडे बघतात. चौथ्या प्रश्नापर्यंत मुलाचे खांदे उतरलेले असतात. वाचनात हशा दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात मोठा होता आणि चौथ्याला बंद. खोलीतल्या पुरुष लेखकांपैकी एकजण म्हणाला, 'फार होतंय.' ते ऐकून आम्ही तो प्रसंग तसाच ठेवला.

या सगळ्याला मर्यादा आहेत. 'लापता लेडीज'मध्ये शेवटी जयाची सुटका एक पोलिस अधिकारी करतो, लाच खाणारा पण मनाचा बरा. दीपकचं घरही चांगलं निघतं, वाईट तो एकटा प्रदीप, जयाचा नवरा. व्यवस्थेवरचं व्यंग असं एका वाईट नवऱ्यावर येऊन थांबतं, आणि मंडळात बसलेल्या प्रत्येक पुरुषाला 'मी दीपकसारखा' म्हणून घरी जाता येतं. टीका रास्त आहे. पण कडक सिनेमा महोत्सवात टाळ्या घेतो आणि तालुक्याला पोचत नाही, हा पोचला. किती साखर घालायची हा निर्णय मला अजून प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि मी बहुतेकदा पोचण्याच्या बाजूने कौल देते.

तुमच्या चौघींसाठी. विषय मोठा घेऊ नका. 'स्त्रीमुक्ती' नको, घरातला एक नियम घ्या. शेवटी जेवणं, दळण आणायला सांगणं, पाहुणे आले की आत जाणं, गाडी चालवता येत असून मागे बसणं, कुठलाही. मग तो नियम कारल्याच्या वेलासारखा पुढे पुढे नेत राहा. बाई शेवटी जेवते, तर एखाद्या दिवशी ती खरंच सगळ्यांनंतर जेवते म्हणजे कुणाकुणानंतर? पाहुणे, शेजारी, गाय, कुत्रा, पोस्टमन. कुठे थांबायचं ते गोष्ट सांगेल. पात्रांना तुमच्याच गावचं बोलू द्या, पण बोलीला हसवायचं काम देऊ नका. विनोद झाल्याची खूण करणारा तो 'टॉइंग' आवाज मोबाइलच्या अॅपमध्ये फुकट मिळतो, त्याला हात लावू नका. आणि शेवटी नायिकेला कॅमेऱ्याकडे बघून काही समजावून सांगायला लावू नका, तेवढ्यात सगळं वाया जातं.

कच्ची फिल्म आधी मैत्रिणींना न दाखवता घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्याचा त्या नियमात फायदा आहे. तो कुठे हसतो ते लिहून ठेवा, आणि कुठे हसायचा थांबतो तेही. पोस्टरवर 'सामाजिक संदेश देणारी' असं छापू नका, अर्धे लोक तिथूनच परततील. शो रविवारी दुपारी ठेवा. संध्याकाळी सातला ठेवलात तर पुरुष येतील आणि बायका भाकऱ्या थापत असतील.